ट्रेडमिलवरची चौदा नंबर

डेपोत तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. चौदा नंबरची बस बावीस वर्षं तिच्याच हातात होती. डेपोपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकोणीस थांबे, एक्केचाळीस मिनिटं, आणि मध्ये इस्पितळाचा तो दम काढणारा चढ. रस्त्यावरचा न्हावी तिची सकाळची बस गेली की दुकान उघडायचा. उशीर झाला तर तो बसला बोल लावत नसे, स्वतःच्या घड्याळाला किल्ली देत असे. हे तिच्या कानावर आलं होतं, आणि ते ऐकून ती चार दिवस ताठ मानेनं वावरली होती.

अशा बाईला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मार्चच्या तीन तारखेला, वार्षिक तपासणीत डेपोच्या डॉक्टरांनी थांबवलं. वजन एक्क्याण्णव किलो. मग फूटभर उंचीच्या लाकडी पायरीवर तीन मिनिटं चढ-उतार, टकटक करणाऱ्या यंत्राच्या ठेक्यावर, आणि खाली बसल्यावर पुरं एक मिनिट नाडी मोजायची. नाडी एकशे सेहेचाळीस भरली. हवी होती एकशे वीसच्या आत.

"तीन महिने देतो," डॉक्टर म्हणाले. "दोन जूनला परत या. वजन पंच्याऐंशीच्या खाली, नाडी एकशे वीसच्या खाली. नाही जमलं तर कायमची खिडकी."

खिडकी म्हणजे हरवलेल्या वस्तूंची खिडकी. तीन महिने तरी तिला तिथंच बसायचं होतं. मागे अडीचशे छत्र्या, एका पायातले बूट, आणि बरणीत ठेवलेली कुणाची तरी दातांची कवळी. पहिल्याच दिवशी खिडकीसमोरून तिची बस गेली, दुसऱ्याच माणसाच्या हातात, साडेतीन मिनिटं उशिरा. तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला ती जिममध्ये हजर झाली. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली, चार ट्रेडमिल, तीन सायकली, भिंतभर आरसे. चालवणारी बाई पस्तिशीची, एके काळची पोहणारी, खांद्यानं रुंद आणि जिभेनं तिखट. तिला सगळे कोच म्हणत.

"वजन किती कमी करायचंय?" कोचनं विचारलं.

"वजन तुम्ही बघा. मला माझी गाडी परत हवी आहे."

कोचनं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पहिल्या पंधरवड्याचा बेत सांगितला. आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, नुसतं झपाझप चालणं. "एवढंच लक्षात ठेवा ताई. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता आलं तर तुम्ही कामचुकारपणा करताय, बोलता आलं नाही तर आगाऊपणा."

ऐकायला सोपं होतं. पण ट्रेडमिलवर घड्याळबाईंच्या नाकी नऊ आले. पाय दुखले म्हणून नव्हे. समोर रस्ता नाही, वळण नाही, कुणी हात दाखवत नाही, नुसते लाल आकडे पळताहेत. अकराव्या मिनिटाला ती खाली उतरली. दुसऱ्या दिवशी बाराव्या.

"दमलात?" कोच म्हणाली.

"दमले नाही. वैतागले. एवढं चालायचं आणि पोचायचं कुठंच नाही!"

त्या दुपारी खिडकीत गिऱ्हाईक नव्हतं. तिनं एक कोरा कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या, आणि डेपोत फेऱ्यांचं वेळापत्रक लिहितात तसं ट्रेडमिलचं वेळापत्रक लिहिलं. डावीकडे थांबे, उजवीकडे मिनिटं आणि वेग. सपाट रस्त्यावर वेग जास्त, थांबा आला की कमी. इस्पितळाच्या चढाला यंत्राचा चढ चारवर. एकोणीसच्या एकोणीस थांबे त्यात होते.

सकाळी कोचनं कागद वाचला आणि इतकी हसली, की सायकलवरच्या आजोबांनी पाय थांबवले. मग हसू आवरून ती कागद परत वाचू लागली.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी कशाला शिकवायला हवं? बावीस वर्षं हेच करतेय."

"थोडा जोर, थोडा विसावा, परत जोर. मी महिन्याभरानं तुम्हाला हेच देणार होते. पण दोन चुका आहेत. थांब्यावर तुमची बस वीस सेकंद थांबते. हृदयाचे उतारू सावकाश उतरतात, त्यांना दीड मिनिट द्या. आणि एकोणीस थांबे कशाला? जलद गाडी करा."

"चौदा नंबर कधी जलद नव्हती."

"आता होईल."

बरीच ओढाताण झाली आणि सौदा सहा थांब्यांवर पटला. डेपोतून बाहेर पडायची पाच मिनिटं सावकाश. मग तीन-तीन मिनिटांचे सात टप्पे, मध्ये दीड-दीड मिनिटाचे सहा थांबे. शेवटी पाच मिनिटं हळूहळू वेग उतरवायचा. चाळीस मिनिटं झाली. एक्केचाळिसावं मिनिट तिनं घाम पुसायला लिहिलं, वेळापत्रक जुळावं म्हणून. सुरुवातीला तीनच टप्पे, दर आठवड्याला एक वाढवायचा. हे आठवड्यातून दोनदा. दुसरे दोन दिवस अर्धा तास सायकल, बोलत बोलत. त्यानंतर दहा मिनिटं हलकी वजनं. रविवारी गाडी डेपोत.

घरी नवरा होता, शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. त्यानं शाळेचं थांबघड्याळ आणलं आणि रोज सकाळी ती अंथरुणातून उठायच्या आधी तिची नाडी मोजू लागला. पहिल्या दिवशी चौऱ्याऐंशी.

"अहो, एवढा घट्ट कशाला धरलाय हात?"

"गप गं. तेवीस वर्षांनी हात धरायला कारण मिळालंय."

डब्यातलं तळलेलं गेलं, चहातली साखर गेली, एप्रिलच्या मध्यावर वजन सत्त्याऐंशी झालं. बाईंना जोर चढला, आणि तिथंच घात झाला.

सहाव्या आठवड्यात एके सकाळी गल्लीत ट्रक आडवा झाला आणि ती बारा मिनिटं उशिरा पोचली. तिनं जे केलं ते रस्त्यावर बावीस वर्षं केलं होतं. थांबे अर्ध्या मिनिटाचे केले, टप्प्यांचा वेग वाढवला. पाचव्या टप्प्यात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. यंत्र थांबवायचं लाल बटण हाताला लागलं म्हणून निभावलं. पोटरीचा स्नायू मात्र दुखावला.

कोचनं तिला बाकावर बसवलं, पोटरीवर बर्फ धरला आणि तोंड सोडलं. "काय चाललं होतं हे?"

"उशीर झाला होता. भरून काढत होते."

"कुणासाठी? थांब्यावर कोण उभं होतं तुमची वाट बघत?"

बाईंनी बर्फ आपल्या हातात घेऊन पोटरीवर दाबला.

"ताई, शरीराचा उशीर भरून निघत नसतो. वेळ कमी असेल तर टप्पे कमी करायचे. अगदीच नसेल तर फेरी रद्द."

"बावीस वर्षांत मी एक फेरी रद्द केलेली नाही!"

"मग आज करा. आठवडाभराच्या सगळ्या फेऱ्या रद्द. लिहा स्वतःच्या हातानं."

तो शब्द तिनं लिहिला खरा, पण पेन्सिलीचं टोक मोडलं. आठवडाभर ती खिडकीत छत्र्या मोजत बसली आणि मनातून खात्रीच करून बसली, की आता आपण इथलेच.

आठ दिवसांनी ती परत ट्रेडमिलवर चढली ती पाच टप्प्यांनी, आणि थांब्यावर पुरं दीड मिनिट थांबली. सेकंदही कमी नाही. नवल म्हणजे श्वास आता दीड मिनिटाच्या आतच जागेवर येऊ लागला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सातही टप्पे पार पडले. अंथरुणातली नाडी अडुसष्ट. नवऱ्यानं थांबघड्याळ हलवून पाहिलं, मग वहीतला आकडा दोनदा गिरवला.

दोन जूनला डॉक्टरांनी काटा पाहिला. चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. "काठावर आहात," ते म्हणाले. "चढा पायरीवर."

टकटक सुरू झाली. दुसऱ्या मिनिटाला तिची चप्पल पायरीच्या कडेला अडली आणि एक ठेका हुकला. दोन पावलं भराभर टाकून तो गाठावा म्हणून सगळं अंग पुढे धावलं. तिनं ते आवरलं. हुकला तो हुकला. पुढच्या ठेक्याची वाट पाहिली, पाऊल उचललं, आणि शेवटपर्यंत ठेका सोडला नाही.

डॉक्टरांनी मनगट धरलं. घड्याळाकडे बघत पुरं एक मिनिट मोजलं.

"एकशे चौदा," ते म्हणाले. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बाई, माझी स्वतःची इतकी कमी भरत नाही."

"तुम्ही दिवसभर खुर्चीत असता," ती म्हणाली. "सही करा आधी, दोन दहाची गाडी आहे."

'पात्र' असा शिक्का बसला. त्या कागदाची घडी न घालता, तो दोन्ही हातांत धरून ती आवारातून चालत गेली, म्हणजे बघणाऱ्याला वाचता यावा.

आवारात दोघे ड्रायव्हर तपासणीसाठी ओळीत उभे होते, पोटं पट्ट्याबाहेर. त्यातला सतरा नंबरवाला पुढे झाला.

"घड्याळबाई, तो ट्रेडमिलच्या वेळापत्रकाचा कागद म्हणे तुम्ही स्वतः बनवलात?"

"स्वतः. चुका कोचनं काढल्या."

"मला देता करून?"

"माझा कसा चालेल तुला? तुझ्या सतरा नंबरला चढच नाही. बावीस वर्षं सपाट रस्त्यावर लोळतोयस, म्हणून तर हे पोट." दोघेही हसले. तिनं खिशातून पेन्सिल काढली. "सांग, तुझे थांबे सांग. कागदावर मधला पूल मी पाडते, म्हणजे तुला खालून जावं लागेल आणि परत वर यावं लागेल."

"अहो, पण दोन दहाची गाडी?"

"दोनला पाच कमी आहेत. बोल लवकर, पहिला थांबा?"