क्वीनीच्या मलिद्याचा डबा

माझी नणंद क्वीनी टोरांटोत, नॉर्थ यॉर्कच्या एका नर्सिंग होममध्ये दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते. त्रेसष्टची आहे, गुडघे कामातून गेलेत, तरी पहाटेची शिफ्ट सोडत नाही. स्वतःच्या आईला शेवटचा घोट पाणी तिला पाजता आलं नाही. ते माझ्या नवऱ्यामुळे, सेसिलमुळे. आणि माझ्यामुळेही, कशाला खोटं बोलू.

आम्ही कॅनडाच्या हद्दीवर, विंडसरला राहतो. समोर नदी, पलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉईट. सासूबाई आमच्याकडे असायच्या आणि क्वीनी तेव्हा डेट्रॉईटला. तिचे कागद वकिलाकडे अडकलेले, एकदा अमेरिकेबाहेर पाऊल टाकलं की परत शिरणं बंद. सासूबाईंकडे मात्र कॅनडाचा पासपोर्ट होता. नदीखालच्या बोगद्यातून गाडी काढली असती तर अर्ध्या तासात मायलेकी भेटल्या असत्या. पण सेसिल रोज त्याच बोगद्यातून कामाला जायचा. बॉर्डरवरच्या ऑफिसरसमोर म्हातारी क्वीनीच्या कागदांबद्दल काहीबाही बोलून बसली, तर आपल्या नोकरीवर येईल, ही त्याची धास्ती.

म्हणून त्यानं दोघींना थापा मारल्या. क्वीनीला सांगितलं, आईला आता गाडीत बसवत नाही. आईला सांगितलं, क्वीनीला वेळ नाही. फोनवर सासूबाईंना काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे थाप पचली. दोन वर्षं पचली. सासूबाई नदीकाठच्या बाकावर बसून पलीकडच्या इमारती न्याहाळायच्या आणि मला विचारायच्या, यातली क्वीनीची कुठली? मी हाताला येईल ती दाखवायचे. लेकीला आपण नकोशा झालो, हेच मनात धरून त्या गेल्या.

दफन झाल्यावर मला राहवेना. मी क्वीनीला फोन करून सगळं सांगितलं. जे केलं त्याचं नाव घेऊन माफी मागितली. ती खूप रडली, आणि तिनं मला माफ केलं. पुढे अमेरिकेनं तिला हाकललं. मुंबईला जाऊन ती केअरगिव्हरच्या व्हिसावर टोरांटोला आली. तेव्हापासून ती एकाच गोष्टीची वाट बघत होती. भावानं एकदा तोंडानं म्हणावं, मी हे केलं. बस्स. बाकी काही नको होतं तिला.

आम्हा बेने इस्रायली यहुद्यांत किप्पूरच्या उपासाआधी ज्याचा अपराध केला त्याच्यापाशी जाऊन माफी मागायची असते. आजी त्याला दारफाळणीचा सण म्हणायची, त्या संध्याकाळी वरचं दार बंद होतं म्हणून. माफी तीनदा मागायची. तिसऱ्यांदाही समोरच्यानं दिली नाही तर मागणारा सुटला, आणि ओझं न देणाऱ्याच्या माथी.

सेसिलनं पहिली माफी मागितली ती व्हॉट्सॲपवर. सगळ्यांना पाठवला तोच मेसेज, हात जोडलेला. दुसरी सिनेगॉगच्या, आमच्या देवळाच्या हॉलमध्ये, हातात समोसा धरून, "चुकलंमाकलं माफ कर." दोन्ही वेळा क्वीनीनं विचारलं, काय चुकलं? दोन्ही वेळा हा गप्प. घरी येऊन मला म्हणाला, दोनदा नाही म्हणाली बघ. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा मोजतोय.

यंदा नोव्हेंबरात त्याची बायपास आहे. माणूस टरकलाय. आमच्या नवीन वर्षाच्या आणि किप्पूरच्या मधल्या दिवसांत त्यानं क्वीनीला फोन केला. पाप पाण्यात सोडायला एकत्र जाऊ म्हणाला. ती म्हणाली, इथे टोरांटोच्या तळ्यावर या. ह्यानं हट्टानं एक धबधबा शोधून काढला. नायगाऱ्याला सगळं जग जातं; हा द्राक्षमळ्यांच्या मागे दडलेला, फारसा कुणाला माहीत नसलेला. अमेरिकेचा पूल तिथून पंधरा मिनिटांवर. मी म्हटलं, हा कशाला? म्हणे, शांत जागा आहे.

शांत! दोन दिवस पाऊस झालेला, पाणी नुसतं आदळत होतं, दोन पावलांवरचं बोलणं ऐकू येईना. क्वीनी तीन बस बदलून आली होती. बगलेत स्टीलचा डबा. मला बाजूला घेऊन म्हणाली, आत मलिदा आहे, पहाटे उठून केलाय. गोड पोहे, खोबरं, वेलची, नवस फिटल्यावर आमच्या एलियाहू हन्नबी प्रेषिताच्या नावानं करतो तो. दादा बोलला की प्रार्थना म्हणू, मग वाटू. पोरीसारखी हसत होती.

ती कठड्याशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, खिशातला पावाचा चुरा पापांच्या नावानं पाण्यात झटकायला लागली. सेसिल तिच्या मागे चार पावलांवर थांबला. माझा दंड धरून त्यानं मला जवळ ओढलं, मला ऐकू जावं एवढं जवळ. आणि साध्या आवाजात, तिच्या पाठीकडे बघत म्हणाला, "क्वीनी, मी आईला खोटं सांगितलं. तुझी भेट होऊ दिली नाही. मला माफ कर."

सोळा वर्षं ती ज्या शब्दांसाठी थांबली होती, तेच. शब्दन् शब्द. तिनं वळून पाहिलं नाही, कशी पाहणार? हा थोडा थांबला आणि पायऱ्या चढायला लागला.

पार्किंगमध्ये तो गाडी सुरू करून बसला. क्वीनी धापा टाकत वर आली.

"वहिनी, दादा काही बोलला का गं?"

माझ्या ओठांवर होतं. पण काचेआडून तो माझ्याकडे बघत होता, आणि चार तास त्याच्या शेजारी मला बसायचं होतं, पुढची सगळी वर्षंही. मी नाही म्हणाले.

ती थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, हरकत नाही, पुढच्या वर्षी बोलेल. डबा माझ्या हातात दिला. घेऊन जा, माझ्या एकटीच्यानं संपायचा नाही. बसस्टॉपपर्यंत सोडतो म्हटलं तर नको म्हणाली, गुडघे धरत चालत गेली.

हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला सेसिलनं डबा उघडला. चांगली भूक लागली होती त्याला.

"माफी तीनदा मागून झाली. तू साक्षी आहेस," तो म्हणाला. "आता तिचं ती बघेल."

मेल्याला लाज नाही. मूठ मूठ खात होता, मध्येच म्हणाला, अगदी आईच्या हातची चव आहे. मग त्यानं डबा माझ्यापुढे केला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मीही खाल्ला.