नंबर परत म्हणायचा

इनास सरांची आणि माझी पहिली भेट कॉलेजच्या मैदानावर झाली. बास्केटबॉलच्या संघात माझी उंची कमी पडली होती. सरांनी विचारले, "बसून खेळशील का?" आणि गुणलेखकाच्या टेबलाशेजारची खुर्ची पुढे केली. वसईतल्या कितीतरी मुलामुलींना त्यांनी असेच हे काम शिकवले.

सरांची एक पद्धत होती. पंचांनी फाउल दिला की गुणपत्रक लिहिणारे सर खेळाडूचा नंबर मोठ्याने म्हणत. शेजारच्या मदतनिसाने स्वतः पाहिलेला नंबर परत म्हणायचा. दोन्ही जुळले तरच पेन टेकायचे. "मला बरं वाटावं म्हणून म्हणू नकोस हां," ते बजावत. "पोपट हवा असता तर पाळला असता."

सामना लांबला की ते मला स्कूटरवरून गोखिवऱ्याला सोडत आणि दारात उभ्या असलेल्या आईची आधी माफी मागत.

सरांचे आम्ही विद्यार्थी काढत असलेल्या गौरवग्रंथासाठी एवढे पुरले असते. पण त्यांच्या मोठेपणाचा माझ्याकडचा खरा पुरावा माझ्याच चुकीत आहे. तो वगळून लिहिणे मला जमेना.

आपल्या देशात भरणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी गुणलेखक निवडायचे होते. सरांचे नाव जवळजवळ नक्की होते. निवड करणारे आमचा एक सामना पाहायला आले. शेवटच्या मिनिटांत सर म्हणाले, "सात." मी अकरा पाहिला होता. पण सर कसे चुकतील, असे वाटून मीही म्हणाले, "सात." सात नंबरच्या मुलाचा तो पाचवा फाउल ठरला. नियमाप्रमाणे तो बाहेर गेला आणि त्याचा संघ हरला. नंतर चित्रीकरणात अकरा नंबर स्पष्ट दिसला. सर सर्वांसमोर एवढेच म्हणाले, "पेन माझ्या हातात होतं." त्यांची निवड झाली नाही. मी गप्प राहिले.

पुढे मी त्यांच्याकडे जाणेच सोडले. लग्न, नोकरी अशी कारणे मी डायरीत लिहिली. तिथेही ती खरी नव्हती.

या लेखाच्या निमित्ताने यंदा एका दुपारी वसईतल्याच होळी गावातल्या त्यांच्या घरी गेले. वाडीच्या वाटेवरच आवाज आला, "नऊ." थोडे थांबून तोच आवाज, "नऊ."

सरांच्या पत्नी वारल्या, मुलगा परदेशी. टीव्हीवर परदेशातल्या क्रीडास्पर्धेतला पुरुषांचा बास्केटबॉल सामना चालू होता. सर हाताने आखलेल्या गुणपत्रकावर तो लिहीत होते. अशा प्रत्येक स्पर्धेतला दिसेल तो सामना ते इतकी वर्षे लिहीत आले आहेत. नंबर तेच म्हणत होते, परतही तेच म्हणत होते. शेजारी एक खुर्ची टीव्हीकडे तोंड करून मांडलेली होती.

"सर, त्या दिवशी मी अकरा पाहिला होता."

"माहीत आहे. तुझी मान अकराकडं वळली होती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू येऊन सांगशील म्हणून थांबलो." मग हसले. "जरा जास्तच थांबलो. बस अनघा, तिसरा क्वार्टर लागतोय."

भारताचा संघ बराच मागे होता. "चौदा," सर म्हणाले. त्यांची नजर आता अधू झाली आहे.

"नाही सर. चोवीस."

पेन थांबले. टीव्हीवर तो फाउल पुन्हा दाखवला. चोवीस होता. सरांनी पेन माझ्या हातात दिले. "तू लिही. मी परत म्हणतो."

निघाले तेव्हा पुढचा सामना लागला होता. वाटेवर पुन्हा ऐकू आले, "पाच." मग थोड्या वेळाने, "पाच."

सर शंभरी पाहोत, त्यांचे हातपाय आणि आवाज असेच खणखणीत राहोत, ही प्रार्थना. पुढच्या स्पर्धेला चार वर्षे आहेत. तोवर सरांशेजारच्या त्या खुर्चीवर बसायला दर मंगळवार मी घेतला आहे. बाकीचे सहा वार मोकळे आहेत, आणि आपण सगळे वसईतच राहतो.