मोठीमायची सिरीयल

टीव्हीवाल्यांना आजपर्यंत कोणी हरवलं असेल तर ते एकट्या आमच्या मोठीमायने. मोठीमाय म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी चुलती. म्हसावदला आमच्या घराला लागूनच तिचं घर, मधे नुसता हातभर कूड. साठीच्या पुढे गेलीय, पण आवाज असा की कुडापलीकडून खोकली तरी माझ्या हातातलं भांडं पडतं. मी भित्रीच आहे तशी. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, आठ महिन्यांची पोरगी माझ्यापेक्षा धीट आहे. मोठीमाय मात्र कोणाला भीत नाही. आणि ज्या दिवशी तिची सिरीयल बंद पडली, म्हणजे टीव्हीवर पाटी आली की हा चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही, त्या दिवशी तर ती अशी उभी राहिली की जसं कोणी तिच्या शेताला कुंपण घातलंय.

आधी तिने डिशवाल्यांना फोन लावला. तिकडून ती रेकॉर्डवाली बाई बोलायला लागली, हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी दोन दाबा, आणि मोठीमाय तिच्याशी भांडत बसली, अर्धा तास, मी पोरीला कडेवर घेऊन बघतेय. "वं माय, मी काय इचारस अन तू काय सांगस!" शेवटी फोन ठेवला आणि मला म्हणते, "ऐकत काहीच नही, पन बोलस किती गोड. तिनी सासू नशीबवान शे." मग पोरांनी सांगितलं मोबाईलवर बघा, तर तिथेही निम्म्यात पैसे मागितले. झालं. मोठीमाय शिडी लावून घराच्या धाब्यावर, त्या सपाट मातीच्या छतावर चढली, डिशची छत्री उपटली, घासूनपुसून आडवी ठेवली आणि तिच्यात मुगाचे वडे वाळत घातले. खाली उतरून गल्लीतल्या साऱ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुलूप त्यास्नी लाय, पन चावी मन्हा डोकामा शे!"

आम्हाला वाटलं रागाचं बोलणं आहे. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या अंगणात आम्ही मिरचीचे देठ खुडायला बसलो, आठ-नऊ बायका, सगळ्यांच्या तोंडाला फडकं बांधलेलं, झोळीत माझी पोरगी, आणि मोठीमायने सिरीयल सांगायला घेतली. तिच्याकडे माल किती, तर आमच्या घरच्या टीव्हीवर फुकटच्या चॅनलला त्या सिरीयलची जाहिरात लागते तेवढाच. त्या जाहिरातीत सून पिशवी घेऊन दारात उभी दिसते, बस. तेवढ्यावर मोठीमायने आठवडा काढला. सून कुठे गेली, कोणत्या जीपमध्ये बसली, ड्रायव्हरने वाकडं बघितलं तर तिने काय सुनावलं, सगळं. बायका डोळे पुसायच्या. मिरचीने की सुनेने, कोणाला सांगता यायचं नाही. सगळ्यात जास्त माझ्या सासूबाई. टीव्हीवर होती तेव्हा सिरीयल बघताना त्या घोरायच्या, इथे मात्र देठ हातात तसाच, आणि "मंग? मंग पुढे काय व्हयनं?"

आता माझं सांगते. माझी नववी झाली आणि लग्न झालं. एकदा भज्यांचा कागद मी वाचत बसले होते तर मोठीमायने पकडलं. मग माझ्या तोंडातून निघूनच गेलं, की सतरा नंबरचा फॉर्म भरला तर घरी बसून दहावीची परीक्षा देता येते, मुदत संपायला आठ दिवस आहेत, पण शाळेचा दाखला सासूबाईंच्या पेटीत आहे आणि मागायची मला हिंमत नाही. म्हटलं, मोठीमाय, तुम्हाला पोरीची शपथ, कोणाला सांगू नका. "नही सांगत," म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी भर अंगणात तिची सिरीयलमधली सून सतरा नंबरचा फॉर्म आणायला निघाली.

मी मान खाली घालून देठ खुडतेय, निम्म्या मिरच्याच मोडल्या. मोठीमाय सांगतेय, फॉर्म तर आणला, पण दाखला नाही. बायका विचारतात, दाखला कुठे? "सासूनी पेटीमा. अन सासू काय पेटी उघाडत नही." सासूबाईंनी फडकं खाली ओढलं. "कशी वं ती सासू! भरू दे ना तिले फारम! पोरगीनी दहावी करी ते काय घर बुडी जाई का?"

मोठीमायने हातातली मिरची तेवढी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मग बाकीच्या बायकांनी बघितलं. मग सासूबाईंनी.

संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी पेटीचा कडी-कोयंडा वाजला. दाखला माझ्या मांडीवर पडला. "धर. साऱ्या बायांसमोर बोलनू मी," एवढंच म्हणाल्या, वळून गेल्या.

फॉर्म भरला. आणि मला वाटलं आता काळजी संपली, तोच आमच्या ह्यांनी आईच्या प्रेमापोटी घरच्या टीव्हीवर बंद पडलेला चॅनल सुरू करून आणला! टीव्हीवर खरी सून आली. अंगभर सोनं, बंगल्यात खीर ढवळतेय. फॉर्म नाही, पुस्तक नाही, जीप पण नाही. सासूबाई तीन दिवस बघत होत्या आणि मी पोरीला छातीशी धरून स्वयंपाकघरात उभी, आता कळणार की मोठीमायने सगळं मनाचं रचलं, आता पुस्तकं चुलीत जाणार. चौथ्या दिवशी त्या ओरडल्या, "बंद कर रे ते! खोटं दाखाडी ऱ्हायनात हाई लोके. आपली ते अभ्यासले बठेल शे." त्यांनी चॅनल काढायला लावला आणि दुपारी पुन्हा मोठीमायच्या अंगणात, सगळ्यांच्या पुढे जाऊन बसल्या.

त्यांना खरंच कळलं नव्हतं की सगळं कळलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

गेल्या महिन्यात मोठीमायला तिची लेक नवापूरला घेऊन गेली, डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टरने सांगितलंय मिरचीजवळ बसायचं नाही. ती जीपमध्ये पाय ठेवत होती तेव्हा मी तिचा पदर धरला आणि विचारलं, मोठीमाय, ती सून पास होते का हो? तर पदर सोडवून घेत म्हणाली, "माले काय माहीत वं? पेपर ते तुले देना शे."

आता अंगण तिचं, मिरच्या त्याच, बायका त्याच. धाब्यावर छत्री तशीच आडवी आहे, वडे काढून नेले, चिमण्या तिच्यात साचलेलं पाणी पितात. पहिले दोन दिवस सिरीयल सांगायला कोणी नव्हतं, नुसते देठ तुटल्याचे आवाज. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच पोरीला माझ्या मांडीवरून उचललं, झोळीत टाकलं, झोका दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंग? पुढे काय व्हयनं?"

मी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. म्हटलं, पहिला पेपर मराठीचा होता.