भाकरीचा उपचार

माझा संधिवात जुना आहे. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की कुलपात चावीसुद्धा फिरत नाही. एकदा मी सहज बोलून गेले की तांदळाच्या भाकरीची गरम उकड मळताना बोटांना जरा बरं वाटतं. झालं. सासूबाईंनी माझ्याच भल्यासाठी रोजच्या भाकऱ्या वाढवल्या. न्हावा शेव्याच्या ऑफिसातल्या बायकांनीही माझ्या काळजीपोटी डब्यात जास्तीच्या आणायला सांगितल्या. "पॉझिटिव्ह राहायचं गं," असं सगळ्या भाकरी मोडता मोडता सांगायच्या. मग डॉक्टर म्हणाले, नुसत्या कोमट पाण्यात हात बुडवून बसलात तरी पुरे. आता मी सकाळी टोपात हात बुडवून आरामात बसते आणि घरात पाव येतो. मी अगदी पॉझिटिव्ह आहे. बाकीच्यांनाच हल्ली ते जमत नाही.