कोळीवाड्यातल्या एका चौकोनाचे चार टॅग

"त्या जागेचा काय तो एक टॅग ठरव आणि फाइल पाठव," सर म्हणाले. क्लायंटला पार्किंगसाठी वरळी कोळीवाड्यातल्या रिकाम्या जागा हव्या होत्या. माझ्या स्क्रीनवरचा एक चौकोन मात्र कशातच बसत नव्हता.

आमचा नकाशा सगळे मिळून बनवतात. कुणीही यावं आणि जागेला टॅग लावावा, म्हणजे चिठ्ठी: दुकान, शाळा, देऊळ. या चौकोनाची चिठ्ठी सारखी बदलत होती. एकाने लिहिलं मैदान. दुसऱ्याने ते खोडून होड्या ठेवायची जागा. तिसऱ्याने चक्क लग्नाचा हॉल! चौथ्याने रिकामी जागा. चौघांत थापाड्या कोण, हे बघायची मला भारी उत्सुकता. दादरच्या ऑफिसातून उठले ती थेट तिथेच गेले.

बघते तर बांबूंवर बोंबील वाळत टांगलेले. हे चौघांपैकी कुणीच लिहिलं नव्हतं! मी फोन काढला, तशी बोंबील टांगणाऱ्या जयवंतीमावशींनी हटकलं, "फोटो कशाला? इथे पार्किंग करणारे ते तुम्हीच काय गं?"

मी ओशाळले. "मावशी, नकाशात ही जागा रिकामी दिसते."

"रिकामी? पावसात होड्या वर घेतो त्या इथेच. संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. हळदीचा मांडव इथेच. नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात गेल्या की थोडे दिवस मोकळं असतं. तुमचा माणूस तेव्हाच आला असणार. ही जागा गेली तर बोंबील काय तुझ्या डोक्यावर वाळत घालू?"

म्हणजे चौघंही खरंच बोलत होते. मला फार मजा वाटली, आणि चौथी चिठ्ठी तशीच पुढे गेली असती तर, या विचाराने धास्तीही.

टॅगमध्ये एकच उत्तर मावतं. पण जगातल्या गोष्टींना नंबर देऊन त्या एकमेकींशी जोडणारा एक खुला माहितीसाठा आहे. तिथे मी या जागेची नोंद केली: कोणत्या ऋतूत, कोण, कशासाठी वापरतं. नकाशावर मुख्य टॅग 'मासळी वाळवण्याची जागा' केला आणि शेजारी त्या नोंदीचा नंबर जोडला. आता चौकोनावर क्लिक केलं की वर्षभराची हकिगत उघडते.

"क्लायंटला एक जागा कमी पडेल," सर कुरकुरले.

"ती रिकामी नव्हतीच, सर."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण फाइल तशीच पाठवली. क्लायंटने मुकाट्याने दुसरी जागा शोधली. मावशींचे बोंबील आहेत तिथेच वाळतायत.

तेव्हापासून ऑफिसात नियम आहे: 'रिकामी' टॅग लावण्याआधी दुसऱ्या ऋतूत पुन्हा जाऊन यायचं. अजून तरी एकही 'रिकामी' टिकलेली नाही.