स्क्रीनवर कुसाबाईंचे हात

उज्वला पेखळे नाशिकच्या सिडकोत राहते आणि गोधड्या विकते. दुकान असं नाहीच. एक मोबाईल आणि पुढच्या खोलीतली दोन कपाटं, एवढाच पसारा. गोधड्या शिवतात तिच्या सासूबाई कुसाबाई आणि इगतपुरीकडच्या त्यांच्या गावातल्या आठ बायका. तिकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या राहतात, त्यामुळे ऊब कशाला म्हणतात हे त्या बायकांना शिकवावं लागत नाही. उज्वला फोटो काढते, माहिती लिहिते, पार्सलं बांधते. तीन वर्षं तिचं हे नीट चाललं होतं.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिचं ऑनलाइन दुकान बंद झालं. ज्या वेबसाइटवर ती विकायची, तिथून एक ओळ आली: ‘आपण दुसऱ्या विक्रेत्याचे फोटो वापरले आहेत.’ तिने अपील केलं. उत्तरात तीच ओळ. फोन केला तर पलीकडे यंत्र. एक दाबा, दोन दाबा. अकरा दिवस ती एक आणि दोन दाबत बसली. नवरा म्हणाला, “सोड नाद, नोकरी बघ.” गावात दिवाळीसाठी चाळीस गोधड्या तयार होत्या आणि कुसाबाईंना काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं.

मला आधी चीड येते ती आमचीच. तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर मी राहते, नाचणीची बिस्किटं ऑनलाइन विकते. कुरिअरवाला रवी रोज आम्हा दोघींच्या दारात यायचा. तरी आम्हाला एकमेकींचं नावही माहीत नव्हतं. आमच्यासारखे सिडकोत आणखी कितीतरी असतील, प्रत्येक जण आपापल्या खोलीत आपापला मोबाईल धरून एकटा.

बाराव्या दिवशी रविवार होता. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये ‘ऑनलाइन उद्योजक महामेळावा’ होता. कुणीतरी जाणकार भेटेल म्हणून उज्वला गेली. मीही गेले होते. धूर सोडणारी मशीनं, कानठळ्या बसवणारं संगीत, “शेजाऱ्याला टाळी द्या!” दहापासून एकपर्यंत मेळावा भरवणारे सर स्वतः कसे मोठे झाले तेच सांगत होते. प्रश्न विचारायची सोय फक्त पुढचा कोर्स घेणाऱ्यांना.

मग स्क्रीनवर एक फोटो आला. गोधडीवर टाका घालणारे म्हातारे हात. सर म्हणाले, “हा माझ्या विद्यार्थ्याचा ब्रँड. सहा महिन्यांत उभा केला!”

मधल्या रांगेतून एक बाई उठली. “ते हात माझ्या सासूबाईंचे आहेत.”

सर हसले. “ताई, सगळ्याच सासूबाईंचे हात सारखे असतात.”

हॉल हसला. मीपण हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

“सारखे नसतात,” उज्वला म्हणाली. ती खाली बसली नाही. “करंगळी बघा. तिचं टोक चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेलंय. हा फोटो मी काढलाय, आमच्या पडवीत. आणि हेच फोटो चोरले असा ठपका ठेवून माझं दुकान बंद केलंय!”

सर माईकवरून म्हणाले, “निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा.” संगीत वाढवलं गेलं. दोन स्वयंसेवक तिला दारापर्यंत ‘सोडायला’ आले. चोरीला गेलेलं तिचं, आणि बाहेरही काढलं तिलाच!

आम्ही सहा-सात जण उठून बाहेर गेलो. मी लगेच उठले नाही, हेही लिहायला हवं. पार्किंगमध्ये जुन्या नाशकातली अलिशा तिच्याजवळ आधी पोचली. अलिशा आणि तिची आई गुलजारबी भरतकामाचे दुपट्टे विकतात. अलिशा म्हणाली, “आमचे फोटोपण असेच उचलले होते. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.”

लासलगावचा सोमनाथ वाळवलेला कांदा विकतो. त्याने विचारलं, “मोबाईलमध्ये मूळ फोटो हायेत का? पुढं पाठवलेले नाय, मूळ. त्यात तारीख, जागा सगळं ऱ्हातं. अन् साध्या अपिलात वेळ घालवू नका ताई. वेबसाइटच्या पार तळाला तक्रार अधिकाऱ्याचं नाव असतं. त्याला लिहा. माझं असंच सुटलं.”

तीन तास स्टेजवरून जे कुणी सांगितलं नाही, ते पार्किंगमध्ये पाच मिनिटांत कळलं.

दुसऱ्या दिवशी कुसाबाईंना गावाहून बोलावलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “माझे हात चोरले व्हय? मंग त्याला म्हणावं, ये, माझ्याम्होरं बस अन् टाका घालून दाखव.” आम्ही त्यांचा शिवतानाचा व्हिडिओ काढला, मूळ फोटो जोडले आणि अलिशाने इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तराची वाट न पाहता आम्ही सगळ्यांनी आपापल्या गिऱ्हाइकांना गोधड्यांचे फोटो पाठवले. चाळीसातल्या एकतीस दिवाळीआधी गेल्या.

भाऊबीज झाल्यावर वेबसाइटचं उत्तर आलं: ‘आपले खाते सुरू करण्यात आले आहे.’ उज्वलाविरुद्ध तक्रार करणाऱ्या त्या विद्यार्थ्याचं पान गायब झालं. माफीचा एक शब्द नाही.

महिन्याभराने सरांचा फोन आला. पुढच्या मेळाव्यात उज्वलाने तिची यशोगाथा सांगावी, अशी त्यांची इच्छा होती.

ती म्हणाली, “येईन ना. पण आधी तुम्ही त्याच स्क्रीनवर तो फोटो लावा आणि हात कुणाचे होते ते सगळ्यांना सांगा.”

“बघतो,” म्हणाले. अजून बघतायत.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उज्वलाच्या पुढच्या खोलीत जमतो. चौदा जण आहोत, सतरंजीवर दाटीवाटीने बसतो. कधी नुसतीच भांडणं होतात. परवा माल परत येण्यावरून सोमनाथ आणि अलिशा तासभर वाद घालत होते. तक्रार करणाऱ्याचा पुरावा न तपासता दुकानं बंद कशी करता, असं आम्ही सगळ्यांनी मिळून वेबसाइटला पत्र लिहून विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. या रविवारी दुसऱ्या पत्रावर सह्या करायच्या आहेत.