वरच्या कडेचं अंथरूण

माझे सासरे मचलू यांच्या नाकावर बारा महिने राग असायचा, पण जोत, म्हणजे डोंगरातली उंच खिंड, ओलांडायच्या दिवसांत त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे. रावीच्या खोऱ्यातून लाहौलच्या कुरणांकडे जाताना संध्याकाळी मेंढ्यांचा कळप कुठं उतरवायचा, हे ते ठरवायचे. डोंगरात थांबण्याजोग्या जागा थोड्या. त्यांना आम्ही थाच म्हणतो. परक्याला सगळे थाच सारखेच दिसतील. गवताचा एक तुकडा, बाजूला ओढा, मागं डोंगर. सासरे तिथं पोचले की पाठीवरचं ओझं न उतरवता उभे राहायचे. हातातली टकळी फिरत असायची, लोकरीचा धागा निघत असायचा आणि नजर डोंगरावर असायची. आम्ही थंडीनं कुडकुडत त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो.

जागेची खरी परीक्षा मात्र पिठाची. अश्विनात खाली उतरताना प्रत्येक थाचवर एका चपट्या दगडाखाली मूठभर मक्याचं पीठ ठेवून यायचं, वरच्या कड्यांवर राहणाऱ्या जोगण्यांसाठी, म्हणजे डोंगरातल्या देवींसाठी. जेठात परत वर जाताना तो दगड उचलायचा. पीठ गेलेलं असलं तर जागेनं आपल्याला पदरात घेतलं. पीठ तसंच असलं तर पायांचे तुकडे पडले तरी पुढं चालायचं. ते पीठ उंदीर खातात हे आम्हालाही कळतं. पण ज्या जागेत उंदीरसुद्धा राहायला तयार नाही, तिथं माणसानं अंथरूण का घालावं?

दुसरा नियम याहून कडक. ज्यानं जागा निवडली, त्यानं डोंगराकडच्या कडेला झोपायचं. सगळ्यांच्या वर, एकट्यानं. वरून काही आलंच तर आधी त्याच्यावर यावं. त्यामुळे उगाच कोणी पुढं होऊन जागा दाखवत नाही. माझं लग्न झालं तेव्हापासून वरच्या कडेला सासऱ्यांचंच अंथरूण मी पाहिलं होतं.

माझा नवरा बिधी. तो होता तोवर त्याचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, आता घेते. बाप-लेक एकाच मुशीतले. एकानं पूर्व म्हटलं की दुसऱ्यानं पश्चिम म्हणायचं. फरक एवढाच की बिधी भांडताना हसायचा आणि त्या हसण्यानं सासरे आणखी पेटायचे. आमच्याकडे बायका सहसा जोतापलीकडे जात नाहीत, गावात घर आणि शेत बघतात. माझ्या माहेरच्या बायका मात्र जायच्या, आणि मला घरात कोंडून घेणं जमलं नाही. म्हणून मी त्या दोघांबरोबर चालायचे. चौथा आमचा गडी रोशू. तो खायला तोंड उघडायचा, बोलायला नाही.

बिधी गेला त्या जेठाच्या आदल्या वर्षी एक गोष्ट घडली होती. मेंढ्यांची लोकर नुकतीच कातरलेली, उघडी अंगं, वरून बर्फाचा पाऊस, आणि थाचवर पोचलो तर दगडाखाली पीठ तसंच. सासऱ्यांनी ओझं उतरवू दिलं नाही. पुढच्या जागेपर्यंत जाता जाता कितीतरी कोकरं वाटेत गारठून मेली. बिधीनं मेलेली कोकरं खांद्यावर आणली, कारण टाकून यायला त्याचं मन धजेना. आणि आम्ही सोडलेल्या त्याच जागेवर मागून आलेला दुसरा कळप राहिला आणि सकाळी ठणठणीत उठून आला. जोतापलीकडे ते मेंढपाळ भेटले तेव्हा हसून विचारत होते, मचलूच्या जोगण्या जेवल्या का. सासरे टकळी फिरवत राहिले. बिधी त्या दिवशी हसला नाही.

म्हणून त्या जेठात काळा थाच म्हणतात त्या जागी आम्ही पोचलो तेव्हा दोघांच्याही मनात आदलं वर्ष होतं. आभाळ खाली उतरलं होतं. मेंढ्या त्या वर्षीही कातरलेल्या होत्या. ओढ्याचं पाणी गढूळ होतं, आणि वर पाऊस झाला की ते तसं होतंच, म्हणून त्याचं कोणी काही बोललं नाही. कळपाचा म्होरक्या बोकड मात्र गवताला तोंड लावेना. डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. मला ते आवडलं नव्हतं.

आमचा कुत्रा डब्बू सगळ्यांच्या पुढं धावत गेला होता. आम्ही दगडापाशी पोचलो तर दगड बाजूला सरकलेला, खालची जागा लख्ख. बिधीनं ओझं खाली टाकलं आणि म्हणाला, जेवल्या बाबा एकदाच्या जोगण्या. सासऱ्यांनी वाकून त्या जागेवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. मग त्यांनी डब्बूचा जबडा धरून वर केला. नाकावर, मिशांवर मक्याचं पीठ.

म्हणजे उंदरांनी खाल्लं असतं की नसतं, जागेनं हो म्हटलं असतं की नाही, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. असं कधी झालं नव्हतं. आमच्याच कुत्र्यानं आमचा कौल चाटून टाकला होता. सासरे उभेच राहिले. टकळी थांबली होती.

"पुढं चला," ते म्हणाले.

"का?" बिधी म्हणाला. "पीठ गेलंय ना?"

"कुत्र्यानं खाल्लंय."

"मग कुत्र्याचं तोंड काय तोंड नाही? या पावसात यांना पुढं नेलं तर उद्या मी पुन्हा मढी उचलायची. मी नाही हलणार, बापू."

मढी हा शब्द सासऱ्यांना लागला. त्यांचा चेहरा मी बघत होते. त्यांना त्या वेळी 'नाही' म्हणता आलं असतं. काठी उगारता आली असती, म्होरक्या बोकडाला हाकून ते चालू लागले असते तर कळप मागं गेला असता आणि बिधीलाही जावंच लागलं असतं. पण त्यांना राग आला होता.

"बरं," ते म्हणाले. "मग जागा तू निवडलीस. वर तूच झोप."

बिधी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला, आपली घोंगडी उचलली आणि वरच्या कडेला जाऊन अंथरली. सासऱ्यांनी माझ्या चुलीजवळ, खालच्या बाजूला अंग टाकलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा खाली झोपले. डब्बू चुलीजवळ आला, तर त्याला कोणी हाकललं नाही.

अंधार पडल्यावर वरून बिधीचा आवाज आला. चेष्टेचाच होता, पण त्यात थोडं सांभाळून घेणंही होतं. "बापू, झोपलात का?"

चुलीतल्या निखाऱ्यांच्या उजेडात मला सासऱ्यांचे उघडे डोळे दिसत होते. ते कुशीवर वळले. बिधीनं पुन्हा विचारलं नाही.

उजाडताना मी चूल पेटवत होते, तेव्हा ओढ्याचा आवाज बंद झाला. वर माती ढासळून पाणी अडलं की तसं होतं, हे मला आधी कळलंच नाही. सासरे मात्र ताडकन उठून बसले. त्यांनी बिधीला हाक मारली. एकदाच. दुसरी हाक तोंडातून निघायच्या आत वरची कड जागेवर नव्हती. मोठा आवाज असेल असं वाटतं ना? तसं काही झालं नाही. डोंगर नुसता सरकत खाली आला, चिखल आणि धोंडे, आणि माझ्या चुलीच्या दगडांना टेकून थांबला. आम्ही तिघं होतो. डब्बू होता. कळप बराचसा होता.

आम्ही उकरलं, दुसऱ्या कळपांची माणसं येऊन त्यांनी उकरलं. डोंगरानं बिधीला परत दिलं नाही. अजून तो तिथंच आहे.

गावी परतल्यावर लोक समाचाराला येत आणि हटकून एकच म्हणत, मचलूचंच खरं होतं. म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर. सासरे ते ऐकून उठून बाहेर जात. स्वतः खरं ठरल्याचा इतका संताप आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. डब्बूला त्यांनी कधी लाथसुद्धा मारली नाही. त्या दिवसापासून पहिली भाकरी कुत्र्याला, मग आम्हाला. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी मोठ्यानं रडावं किंवा मला तरी शिव्या घालाव्यात. मीही त्यांना शिव्या घालायला तयारच होते. पण ते नुसते सूत कातत राहायचे.

पुढच्या जेठात बिधीच्या वाटचं कामही मी करू लागले. सासरे जागा निवडायचे, वरच्या कडेला झोपायचे, पण आता ते जागेबद्दल अवाक्षर बोलत नसत. काळ्या थाचवर आम्ही थांबत नव्हतो. अश्विनात तेवढे ते एकटे वर चढून त्या धोंड्यांमध्ये पीठ ठेवून यायचे. जेठात दगड उचलून बघायचे. दर वर्षी पीठ तसंच असायचं, ओल लागून काळपट गोळा झालेलं. ते दगड परत ठेवायचे आणि आम्ही पुढं जायचो. तिथं पक्षी बसलेला मी कधी बघितला नाही.

असं चालत राहिलं. डब्बू म्हातारा होऊन मेला. सासऱ्यांचे गुडघे गेले. आणि या जेठात, आभाळ अगदी तसंच खाली आलेलं असताना, काळ्या थाचवर दगड उचलून बघितल्यावर त्यांनी पाठीवरचं ओझं उतरवलं.

मी जवळ गेले. पिठाचा गोळा तसाच होता.

"बापू, पीठ तसंच आहे."

"दिसतंय मला."

"मग ओझं का उतरवलंत?"

"जागा मी निवडली," ते म्हणाले. "तू आणि रोशू कळप घेऊन पुढं जा, लाडी."

लाडी म्हणजे सूनबाई. मला ते दुसऱ्या नावानं हाक मारत नाहीत. रोशूला मी म्हटलं, कळप पुढच्या थाचवर ने, आम्ही सकाळी येतो. तो सासऱ्यांकडे बघत उभा राहिला, मग बोकडाला हाकत निघाला. सासरे मला जा म्हणत होते. मी चूल मांडायला घेतली. तुम्हाला मरायचं असलं तरी जेवून मरा, असं मी म्हटलं, आणि ते मी रागानंच म्हटलं. त्यांनी घोंगडी उचलली आणि त्या धोंड्यांच्या अगदी पायथ्याशी नेऊन अंथरली. बिधीनं जिथं अंथरली होती, साधारण तिथंच.

पाऊस लागला. ओढा गढूळला. वरून एखादा खडा घरंगळत यायचा आणि मी उठून उभी राहायचे. मी कान ओढ्याकडे लावून बसले, कारण तो गप्प झाला तर काय होतं हे मला माहीत होतं. पळावंसं वाटत होतं, आणि या म्हाताऱ्याचा इतका राग येत होता की त्या रागानंच मी बसून राहिले. माझं घर म्हणून जे काही उरलं होतं ते तिथं वर पडलं होतं.

उजाडलं तरी ओढा वाहतच होता. पाऊस उघडला. सासरे घोंगडी बाजूला करून उठून बसले आणि मागं वळून डोंगराकडे बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. मी वर गेले.

"त्याच्यावर अख्खा डोंगर टाकला," ते म्हणाले. "माझ्यावर एक धोंडा टाकवत नाही."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"मला 'नाही' म्हणता आलं असतं, लाडी. मला जागा कळत नव्हती, पण 'नाही' म्हणता आलं असतं. मी त्याला धडा शिकवायला निघालो होतो. तो विचारत होता, झोपलात का. मी जागा होतो."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी बघत होते."

तेव्हा ते रडले. इतक्या वर्षांनी. मी त्यांची घोंगडी गुंडाळली, त्यांच्या काखेत हात घातला आणि आम्ही रोशूच्या मागानं निघालो. पिठावरचा दगड त्यांनी परत ठेवला नाही.

त्या संध्याकाळी पुढच्या थाचवर पोचलो तेव्हा ते ओझ्यासकट उभे राहिले नाहीत. एका दगडावर बसले आणि टकळी काढली. रोशू त्यांच्याकडे बघत होता, मग माझ्याकडे बघू लागला. मी दगड उचलून पाहिला. पीठ गेलेलं होतं, उंदरांच्या लेंड्या पडलेल्या होत्या. मी ओढ्याचं पाणी पाहिलं, डोंगर पाहिला. मला काही त्यांच्याइतकं कळत नाही. इथं उतरू, असं मी म्हटलं, आणि माझी घोंगडी उचलून वरच्या कडेला नेली. मला वाटलं होतं, ते अडवतील.

अंधार पडला. माझ्या डोक्यापाशी डोंगर होता आणि त्याच्यातून पाणी झिरपल्याचा बारीक आवाज येत होता. तो खालच्या बाजूला झोपणाऱ्याला ऐकू येत नाही. तो आवाज रोजचाच असेल की आजचाच, हे मला कळत नव्हतं. मी डोळे उघडे ठेवून पडले होते.

"लाडी," खालून आवाज आला, "झोपलीस का?"

"नाही, बापू," मी म्हटलं. "जागी आहे."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा उत्तर दिलं.